उघड्या वह्यांची परीक्षा

त्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजात पाणी नव्हतं, पण नवा जिल्हा होता. पाणी खरोखरच नव्हतं. जिल्हा मात्र सरकारच्या कागदावरसुद्धा नव्हता. उदगीर वेगळा जिल्हा होणार अशी हवा होती, आज घोषणा होते की उद्या असं चाललं होतं, आणि आमच्या प्राचार्यांना वाट बघायची सवय नव्हती. जळकोट रस्त्यावरच्या कॉलेजच्या कमानीवर त्यांनी पेंटर चढवला आणि 'जि. लातूर' पुसून 'जि. उदगीर' करून घेतलं. पुढं बारीक अक्षरात 'नियोजित' लिहायचं ठरलं होतं, पण पेंटरची जागा संपली. मग त्याच धडाक्यात कॉलेजचे शिक्केही नवे आले. त्यांच्यावरही 'नियोजित' नव्हतं.

मी तिथं कम्प्युटरच्या मुलांना टीओसी शिकवायची. टीओसी म्हणजे थिअरी ऑफ कम्प्युटेशन. या विषयाला कम्प्युटर लागत नाही, लाइट लागत नाही आणि पाणी तर नाहीच नाही. कागदावर गोल काढायचे, गोलांना बाण जोडायचे, त्याला यंत्र म्हणायचं, आणि ते यंत्र काय ओळखू शकतं व काय जन्मात ओळखू शकणार नाही ते सांगायचं. दुष्काळात शिकवायला याहून सोयीचा विषय नसावा. मी तासिका तत्त्वावर होते. म्हणजे तास असेल तर मॅडम, नसेल तर खोलीवर जा.

जूनपासून एक पूर्णवेळ जागा भरणार होते. "निकाल चांगला लावा आणि काही भानगड होऊ देऊ नका, जागा तुमचीच," असं प्राचार्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. जागा राखीव होती. त्यामुळं स्टाफरूममध्ये चहाबरोबर, "तुमचं काय मॅडम, तुमचं तर ठरलेलंच," हे बिस्किटासारखं रोज मिळायचं. मुदखेडला माझे बाबा रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन होते, नुकतेच रिटायर झालेले. जंक्शनवर भेटेल त्याला ते 'पोरगी प्रोफेसर हाय' म्हणून सांगत सुटले होते, आणि मी इकडं तासावर जगत होते. ती जागा मला हवी होती. आडपडदा न ठेवता सांगते, फार हवी होती.

निकाल चांगला लावायचा तर मुलांना विषय यायला हवा, आणि आमची मुलं पाठ करायची. पाठांतर असं की ऐकून धडकी भरावी. एकदा फळ्यावर सिद्धता लिहिताना मी एक ओळ चुकले, 'अरे, हे नको' म्हणत पुसली आणि पुढं गेले. चाचणीत निम्म्या वर्गानं ती चुकलेली ओळ लिहिली आणि खाली खोडून दाखवली. मला संताप आला, आणि त्यांच्या मेहनतीचं कौतुकही वाटलं. मी ठरवलं, पुढची चाचणी वह्या उघड्या ठेवून. पाठ केलेलं जर सगळ्यांच्या समोरच असेल तर पाठ करून उपयोग काय? डोकं चालवावंच लागेल. पाणी नसल्यानं होस्टेल लवकर रिकामं करायचं होतं, म्हणून चाचण्या घाईनं उरकायच्या होत्या. प्राचार्य म्हणाले, काय करायचं ते करा, पण टँकर बंद व्हायच्या आत करा.

वर्गात जाऊन मी ते जाहीर केलं.

"म्हंजे मॅडम, कॉपी करायची?" एकानं विचारलं.

"कॉपी नाही. नोट्स बघून लिहायचं."

"तेच की."

"तेच नाही. यात लपवायचं नाही."

मग मागच्या बाकावरून अगदी प्रामाणिक प्रश्न आला, "मग बघायचं कसं?"

पहिल्या बाकावर देवणीची एक मुलगी बसायची. अक्षर मोत्यासारखं, स्वभाव चौकस. ती उभी राहून म्हणाली, "मॅडम, पथक आलं तर?"

"पथक बारावीला येतं. आपल्याकडं कशाला येईल?" मी म्हटलं. हे मी भर वर्गात, खडू नाचवत म्हटलं होतं.

नियम एकच ठेवला होता: नोट्स स्वतःच्या अक्षरातल्या पाहिजेत, झेरॉक्स चालणार नाही. गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याचा सगळा धंदा 'मायक्रो'वर चालायचा. मायक्रो म्हणजे अख्खं पुस्तक काडेपेटीएवढं करून द्यायचं, परीक्षेच्या हंगामासाठी. तो मला रस्त्यात अडवून म्हणाला, "मॅडम, खामखा आमच्या पोटावर पाय द्यायलाव तुमी." इकडं होस्टेलवर सगळ्यांनी सगळ्यांच्या नोट्स हातानं उतरवायला घेतल्या. हव्या तेवढ्या मोठ्या वह्या आणायची मुभा होती, तरी बऱ्याच जणांनी मुंगीएवढ्या अक्षरात, बोटभर रुंदीच्या चिठोऱ्यांवर लिहून आणलं आणि घड्या घालून मोज्यात ठेवलं. मी विचारलं, असं का? तर म्हणे, परीक्षेला अक्षर मोठं सुचतच न्हाई.

पेपर छापून आला तो चाचणीच्या दिवशी सकाळी. 'नोट्स वापरण्यास परवानगी आहे' अशी ओळ मी वर घातली होती. छापलेल्या पेपरवर होतं, 'नोट्स वापरण्यास परवानगी नाही'. मी धावत ऑफिसात गेले. क्लार्क शांतपणे म्हणाले, "तुमची एक मिस्टेक झाल्ती मॅडम, आमीच दुरुस्त केली. प्राचार्यांना न्हाई सांगितलं." उपकार केल्याचा चेहरा होता त्यांचा. पुन्हा छापायला वेळ नव्हता. मी वर्गात जाऊन सांगितलं, सगळ्यांनी पेनानं 'नाही' खोडा आणि वर 'आहे' लिहा. सगळ्यांनी अगदी पट्टी ठेवून खोडलं.

आमचा वर्ग पहिल्या मजल्यावर होता. खाली त्याच संस्थेचं ज्युनिअर कॉलेज होतं आणि त्या दिवशी तिथं बारावीचा पेपर होता, सेंटर पडलेलं. कंपाउंडभोवती जमावबंदी लावली होती. अर्थात त्या महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवतीही जमावबंदीच होती, त्यामुळं चार माणसांनी एकत्र उभं राहायचं ते कुठं, हा गावाला प्रश्नच होता.

पेपरात मी दोनच प्रश्न दिले होते. पहिला असा: टँकरच्या रांगेत 'भ' म्हणजे भरलेली घागर आणि 'र' म्हणजे रिकामी घागर घेऊन माणसं येतात. लागोपाठ दोन रिकाम्या घागरी आल्या की भांडण होतं. ज्या रांगेत भांडण होत नाही तेवढीच रांग ओळखणारं यंत्र काढा. दुसरा: रांग कितीही लांब असू शकेल, तर तिच्यात भरलेल्या आणि रिकाम्या घागरी सारख्या आहेत की नाहीत हे असल्या यंत्राला का ओळखता येणार नाही, ते सांगा. यातलं एक अक्षर कुणाच्या नोट्समध्ये सापडणार नव्हतं, याचा मला फार आनंद होता.

परीक्षा सुरू झाली. बाकावर एकही वही नाही. जरा वाकून बघितलं तर सगळ्या वह्या बाकाखाली, मांडीवर. जो तो एका डोळ्यानं माझ्याकडं बघत दुसऱ्या डोळ्यानं पानं उलटत होता. मी एकाची वही उचलून बाकावर ठेवली. मी पुढं सरकले तशी त्यानं तिच्यावर उत्तरपत्रिका पांघरली. "अरे, बघा की सरळ!" मी ओरडले, तर दोघंतिघं दचकून ताठ बसले आणि म्हणाले, न्हाई मॅडम, बघत न्हाई. तासभर मी वर्गात फिरून मुलांना कॉपी करण्याची विनवणी करत होते. अशी पर्यवेक्षक त्या विद्यापीठाच्या हद्दीत दुसरी झाली नसेल.

तेवढ्यात गेटमधून जीप आत आली. जीप बारावीसाठी होती. पथक खालच्या मजल्यावर जाणार, तपासणार आणि चहा पिऊन निघणार, असा तिचा सरळ मार्ग होता. पण आमच्यात कुणीतरी हळूच म्हणालं, "पथक."

पुढं जे झालं ते मी नीट पाहिलं, पण थांबवू शकले नाही. अख्खा वर्ग एका दमात उठला आणि वह्या, चिठोऱ्या, फाइली, सगळं खिडक्यांतून बाहेर गेलं. बाहेर इमारतीला लागून पाण्याचा मोठा हौद होता, आता ठणठणीत कोरडा. बरंचसं त्यात पडलं. उरलेलं जीपमधून उतरणाऱ्या पथकाच्या डोक्यावर पडलं. मोज्यात चिठोरी ठेवणाऱ्यांपैकी एकानं ती तोंडात घातली होती. ती गिळायला पाणी नव्हतं, म्हणून तो डोळे पांढरे करून बसला होता.

मिनिटाभरात पथक आमच्या दारात उभं होतं. पुढं पथकप्रमुख, महसूल खात्यातले, घामानं निथळलेले. मागं एक पोलीस. त्याच्या टोपीवर कुणाचं तरी एक पान तसंच होतं.

"काय मामला हाय?" प्रमुख म्हणाले.

मी सांगितलं की ही बारावीची परीक्षा नाही. ही इंजिनिअरिंगची अंतर्गत चाचणी आहे, पथकाचा इथं काही संबंध नाही.

"माझ्या आदेशात इमारत लिहिलीय," ते म्हणाले. "मजला लिहिलेला न्हाई."

"बरं, पण या चाचणीला नोट्स वापरायला परवानगी आहे. मीच दिलीय."

"परवानगी होती तर फेकल्या कशाला?"

मी घाईघाईनं पेपर पुढं केला. त्यांनी वाचलं: छापील 'नाही', पेनानं खोडलेलं, वर 'आहे'. त्यांनी दुसरा पेपर उचलला, तिसरा उचलला. सगळीकडं तेच, पट्टी लावून.

"हे तर आणखी वाईट, मॅडम," ते म्हणाले. पोलिसाला त्यांनी शिडी घेऊन हौदात उतरायला सांगितलं आणि पंचनाम्याचे कागद काढले.

तोपर्यंत मला हसू येत होतं. कागद बघितल्यावर ते थांबलं. पर्यवेक्षकाच्या समक्ष सामूहिक कॉपी, अशी एक ओळ त्या कागदावर पडली असती तर जूनची जागा गेलीच होती. पण नुसती जागा गेली असती तरी चाललं असतं. दुसऱ्या कुणाच्या वर्गात कॉपी सापडली तर ती त्या वर्गात सापडली असती. माझ्या वर्गात सापडली म्हणजे ती 'यांची' सापडली असती. 'तरीच,' असं स्टाफरूममध्ये म्हटलं गेलं असतं, पुढची कित्येक वर्षं. बाबा ज्या जंक्शनवर छाती काढून सांगत होते तिथं त्यांना ते ऐकून घ्यावं लागलं असतं. या विचारानं मला भीती वाटायच्या ऐवजी रागच आला, आणि रागात मी जे बोलते ते विचार न करता बोलते.

"साहेब, कॉपी म्हणजे उत्तर बघून लिहिणं ना? त्या हौदातल्या सगळ्या वह्या वर आणा. हा पहिला प्रश्न घ्या आणि त्याचं उत्तर त्यातून शोधून द्या. सापडलं तर पंचनाम्यावर पहिली सही माझी."

ते बीएस्सी होते, हे त्यांनी लगेच सांगितलं. आणि सकाळची ड्युटी टँकरवर असते, दुपारची कॉपीवर, तेव्हा घागरींच्या रांगेचं आपल्याला कुणी शिकवू नये, हेही सांगितलं. पोलिसानं वह्यांचा ढीग आणून टाकला. प्रमुख पहिल्या बाकावर, देवणीच्या मुलीशेजारी बसले. मी त्यांना उत्तरपत्रिका दिली. मुलांना म्हटलं, तुम्ही लिहा, वेळ संपलेला नाही. वह्या साहेबांच्या ताब्यात होत्या, त्यामुळं मुलांच्या हातात नुसतं पेन उरलं होतं.

दहा मिनिटं त्यांनी वह्या चाळल्या. मग वह्या बाजूला सारल्या, बाही वर केली आणि एक गोल काढला. भरलेली घागर आली तर बाण फिरून तिथंच. रिकामी आली तर दुसरा गोल. माणूस हुशार होता. दोन रिकाम्या आल्या की तिसऱ्या गोलात टाकलं, तिथं लिहिलं 'भांडण'. इथपर्यंत बरोबर. आता त्या गोलातून बाहेर पडायचा बाण नसतो. एकदा भांडण झालं ते झालं, मग कितीही भरलेल्या घागरी येवोत. ते यांना पटेना.

"असं कसं? भांडण मिटतंय की," ते मला म्हणाले. "मी सोता मिटवतो रोज." आणि त्यांनी 'भांडण'मधून एक जाड बाण काढून परत पहिल्या गोलाकडं नेला. त्यावर लिहिलं, 'प्रशासन'.

"साहेब, या यंत्रात प्रशासन नाही," मी म्हटलं.

ते विचारात पडले. खोडलं, पुन्हा काढलं. रुमालानं मान पुसली. पाणी मागितलं, कुणाकडं घोटभर असलं तरी ते कुणी कबूल केलं नाही. वर्गात नुसता पेनांचा आवाज होता. मग मी बघितलं, त्यांची मान हळूहळू डावीकडं वळत होती. आवाज अगदी खाली आणून ते देवणीच्या मुलीला म्हणाले, "ए ताई, तिसऱ्या गोलातून बाण कुठं नेलास?"

तिनं झटकन कोपरानं पेपर झाकला आणि तेवढ्याच दबक्या आवाजात म्हणाली, "सर, हळू बोला. पथक हाय."

आधी पोलीस हसला. मग अख्खा वर्ग. प्रमुख क्षणभर लालबुंद झाले आणि मग तेही असे हसले की बाकाचा आधार घ्यावा लागला. पण हसून झालं तरी पंचनाम्याचे कागद बाकावर होतेच, आणि एवढा तमाशा झाल्यावर काहीतरी लिहिल्याशिवाय त्यांना उठता येत नव्हतं. ते कागदाकडं बघत राहिले. मग त्यांचं लक्ष आपल्यापुढच्या उत्तरपत्रिकेवरच्या शिक्क्याकडं गेलं.

"जिल्हा उदगीर?" त्यांनी वाचलं.

एव्हाना प्राचार्य धापा टाकत पोचले होते. ते म्हणाले, "होणारच हाय साहेब, या महिन्यात."

"व्हईल तवा व्हईल. आज न्हाई. जो जिल्हाच न्हाई तिथला पंचनामा मी कसा करू?" त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद लपत नव्हता. त्यांनी पंचनाम्याचे कागद घडी करून खिशात घातले आणि भेटीचा साधा अहवाल लिहायला घेतला. 'वरच्या मजल्यावर अचानक भेट दिली. एकाही विद्यार्थ्याजवळ नोट्स आढळल्या नाहीत. गैरप्रकार: निरंक.' यातला प्रत्येक शब्द खरा होता. नोट्स त्या वेळी त्यांच्याच पायाशी होत्या.

प्राचार्यांनी त्या अहवालाची प्रत फ्रेम करून केबिनमध्ये लावली. आलेल्या प्रत्येक पालकाला ते उठून ती दाखवायचे. जूनमध्ये माझी ऑर्डर निघाली आणि त्यांनी मला समोर बसवून ती मोठ्यानं वाचून दाखवली. पूर्णवेळ जागा. शिवाय, परीक्षेत राखलेल्या कडक शिस्तीबद्दल कॉलेजच्या अंतर्गत भरारी पथकाचं प्रमुखपद.

"सर, ती परीक्षा तर नोट्स बघून द्यायची होती," मी म्हटलं.

"मॅडम, नोट्स सापडल्याच न्हाईत. मग बघून दिली असं आपण कोणत्या तोंडानं म्हणायचं?"

"आणि पुढच्या सेमिस्टरला? मला परत तशीच घ्यायचीय."

"आता आपलं कॉलेज कॉपीमुक्त हाय," त्यांनी फ्रेमकडं बोट केलं. "आता तुमीच असं म्हणल्यावर कसं?"

बाहेर येऊन मी बाबांना फोन लावला. जयभीम झाला, आणि ऑर्डर मिळाली म्हटल्यावर ते इतके खूश झाले की शेजारच्या माणसाला सांगून परत फोनवर आले. मग मी त्यांना सगळं सांगितलं, हौद, पट्टीनं खोडलेलं 'नाही', प्रशासनाचा बाण, पथकाचं प्रमुखपद, सगळं. ते हसून हसून खोकायला लागले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "आन् त्या लेकरायला आलं का पण ते गणित?"

हे मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. पेपर मी कधीच तपासले होते. वह्या गेल्यावर उरलेल्या वेळात मुलं रिकाम्या कागदापुढं बसली होती आणि त्यांनी गोल काढले होते. काहींनी नको तितके गोल काढले होते, काहींचे बाण एकमेकांत अडकले होते, पण एकाचं यंत्र दुसऱ्यासारखं नव्हतं. दुसऱ्या प्रश्नाला देवणीच्या मुलीनं लिहिलं होतं, 'या यंत्राला आपण कुठल्या गोलात आहोत एवढंच कळतं, मागं किती घागरी गेल्या ते आठवत नाही, मग ते मोजणार कसं.' हे मी फळ्यावर असं कधीच सांगितलं नव्हतं. ती ओळ तिची होती.

"आलं बाबा," मी म्हटलं. "सगळ्यायला न्हाई, पण आलं."

"मग ते लिवलंय का त्या ऑर्डरीत?"

मी ऑर्डर पुन्हा पहिल्यापासून वाचली. तिच्यात शिस्त होती, पथक होतं, पगार होता. शिकवण्याबद्दल एक शब्द नव्हता.

"न्हाई," मी म्हटलं, आणि जी जागा मला इतकी हवी होती ती हातात धरून मी कॉलेजच्या पायरीवर बसून रडले.